पहिलीला शिकवायला इतके विषय कशाला? अध्यापक विद्यालयातील विषयविविधतेविषयी

डी.एल.एड.ला, म्हणजे जुन्या ओळखीने डी.एड.ला, प्रवेश घेतलेल्या मुलीच्या घरी पहिल्याच सत्रात एक प्रश्न हमखास निघतो. तिला पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांनाच शिकवायचे आहे, तर मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, चित्रकला आणि कार्यानुभव असा सगळा पसारा कशासाठी? फळ्यावर कसे लिहावे, वर्ग कसा सांभाळावा आणि पाठाचे टाचण कसे काढावे एवढे शिकवले की पुरे, असे पालकांना वाटते आणि पुष्कळ छात्राध्यापकांनाही वाटते. दोन वर्षांची फी, एस.टी.चा पास आणि शेतीच्या हंगामात घरातले एक कामाचे माणूस कमी होणे, हे सारे सोसणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याला ‘अभ्यासक्रमात आहे म्हणून’ असे उत्तर देणे म्हणजे उत्तर टाळणे होय. शिकवण्याच्या पद्धतीला विषयाच्या जाणतेपणाचा आधार लागतो आणि खेड्यातल्या शिक्षकाला हा आधार एका नव्हे तर अनेक विषयांत लागतो. तो कसा, हे विदर्भातल्या शाळांतली उदाहरणे घेऊन पाहू.

आधी शाळेची रचना लक्षात घेतली पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असतील तर दोन शिक्षक मिळतात. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा अशी विषयवार वाटणी त्याच कायद्यात आहे, परंतु प्राथमिक गटासाठी तशी वाटणी नाही. याचा सरळ अर्थ असा की गावची शाळा द्विशिक्षकी असेल तर दोन शिक्षकांनी पाच वर्ग आणि त्या पाचही वर्गांचे सर्व विषय आपसांत वाटून घ्यायचे असतात. शहरातल्या मोठ्या शाळेत गणिताचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम वेगवेगळ्या असू शकतात, पण धारणी किंवा भामरागड तालुक्यातल्या लहान शाळेत सकाळची प्रार्थना ते दुपारची कवायत यांच्यामधले सर्व काही एकाच व्यक्तीकडे येते. विषयांची विविधता ही अध्यापक विद्यालयाने हौसेने लादलेली नसून शाळेतूनच आलेली आहे.

आता या वर्गात उभी राहणारी शिक्षिका कोठून येते तेही पाहू. डी.एल.एड.ला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्यांना प्रवेश मिळतो. कला शाखेतून आलेल्या बहुतेक मुलींचा गणित आणि विज्ञानाशी शेवटचा संबंध दहावीत आलेला असतो, तर विज्ञान शाखेतून आलेल्या मुलांचा इतिहास-भूगोलाशी संबंध तेव्हाच सुटलेला असतो. शिक्षक पात्रता परीक्षा हे अंतर गृहीत धरत नाही. पहिली ते पाचवीसाठीच्या १५० गुणांच्या पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. ज्या पद्धतिशास्त्राला पालक ‘खरे’ प्रशिक्षण समजतात, त्याचा वाटा त्यात एक पंचमांश आहे आणि उरलेले चार पंचमांश विषयांकडे आहेत. अर्थात परीक्षेसाठी शिकावे असे मला म्हणायचे नाही. परीक्षेतून सुटलेला शिक्षकही वर्गातल्या मुलाच्या प्रश्नातून सुटत नाही, ही मुख्य गोष्ट आहे.

शिक्षकाच्या जाणतेपणाचे घटक नीट उलगडून सांगण्याचे मोठे काम अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ च्या सुमारास केले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, विषय स्वतःला समजणे ही एक गोष्ट आहे आणि वर्ग चालवण्याची सर्वसाधारण रीत माहीत असणे ही दुसरी, परंतु विशिष्ट विषय शिकताना मुले कोठे अडखळतात, कोणते उदाहरण त्यांना उजेड दाखवते आणि कोणते उलट घोटाळा करते हे ओळखणे ही या दोन्हींहून वेगळी, तिसरी गोष्ट आहे. आपल्याकडे बी.एड.च्या वर्गांत ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ नावाने जे शिकवले जाते, ते या तिसऱ्या गोष्टीच्या जवळचे आहे. हे तिसरे ज्ञान पहिल्या दोहोंच्या संगमातूनच तयार होते, म्हणून विषय कच्चा असेल तर नुसत्या पद्धतीच्या बळावर ते येत नाही. हे एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल.

चौथी-पाचवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक सुरू असताना शिक्षिकेने विचारले की २.५ एकर म्हणजे किती, आणि शेतकऱ्याच्या मुलाने चटकन सांगितले, ‘दोन एकर पाच गुंठे.’ पद्धतीचे प्रशिक्षण तिला सांगेल की मुलाला रागावू नकोस, पुन्हा विचार, शाबासकी देऊन दुरुस्त कर. हे योग्यच आहे, पण नेमके दुरुस्त काय करायचे? मुलाची चूक अडाणीपणाची नाही. त्याने घरी मोजमाप ऐकले आहे, एकर आणि गुंठे यांची जोडी त्याला ठाऊक आहे आणि टिंबाच्या डावीकडे मोठे माप, उजवीकडे लहान माप असा त्याने लावलेला अंदाज बुद्धीचाच आहे. तो फसतो तो एवढ्यासाठीच की एका एकरात ४० गुंठे असतात आणि दशांश लेखन दहाच्या पटीत चालते. २.५ एकर म्हणजे २ एकर २० गुंठे. मुलाच्या उत्तरात १५ गुंठे जमीन नाहीशी झाली, आणि १ गुंठा १०८९ चौरस फुटांचा धरला तर हे क्षेत्र १६,३३५ चौरस फूट भरते. जमिनीच्या भाषेत सांगितले की मुलाला आपल्या चुकीचा आकार लगेच दिसतो.

येथेच शिक्षिकेने घरचा सातबारा वर्गात आणायला सांगितला तर गोष्ट आणखी खोल जाते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. एका हेक्टरचे १०० आर होतात, म्हणून १ हेक्टर २५ आर हे १.२५ हेक्टर असे सरळ वाचता येते. आर आणि गुंठा यांचा आकार जवळजवळ सारखा आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तरीही हेक्टरला दशांश चालतात आणि एकर-गुंठ्याला चालत नाहीत, कारण एकीकडे १०० भाग आहेत आणि दुसरीकडे ४०. स्थानिक किंमत म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातल्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांपेक्षा या एका कागदावर अधिक चांगले कळते. मात्र हे करण्यासाठी शिक्षिकेला दशांशाचा अर्थ पक्का माहीत असावा लागतो आणि सातबारा वाचता यावा लागतो.

मग कोणीतरी विचारतेच की ४० हा आकडा आला कोठून. उत्तर इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीतील मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा धरला जाई. असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एकर होतो. त्या साखळीचे १६ आणे असत, जसे रुपयाचे १६ आणे होते. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले आणि देश हळूहळू दशमान पद्धतीकडे वळला. आजही सरकारी भाषेत रुपयात किती पैसे अशा मापाने सांगितलेल्या पिकाच्या स्थितीला पैसेवारी म्हणतात आणि जुनी माणसे तिलाच आणेवारी म्हणतात, त्याचे मूळ याच बदलात आहे. खरिपाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की गावाला टंचाईच्या सवलतींची आशा लागते, शेतसाऱ्यापासून परीक्षा शुल्कापर्यंत त्याचे परिणाम पोचतात, आणि वर्गातल्या मुलांच्या घरी त्या आकड्याची चर्चा चाललेली असते. गणिताच्या तासाला निघालेली चूक अशी भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र ओलांडून त्यांच्या अंगणात येते. ज्या शिक्षिकेला यातला एकच विषय येतो, तिला हा रस्ता दिसणार नाही आणि मुलाचे उत्तर ‘चूक’ म्हणून पुसले जाईल.

विज्ञानाचे उदाहरण पूर्णेच्या खोऱ्यातले घेऊ. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते. मुलांनी घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली पाहिलेली असते, त्यामुळे तुरटीने खारे पाणीही गोडे होईल असे त्यांना वाटणे साहजिक आहे. शिक्षकाला येथे निलंबित कण आणि विरघळलेला क्षार यांतला भेद स्पष्ट असला पाहिजे. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात, परंतु विरघळलेल्या मिठाला ती काही करू शकत नाही. पाणी फडक्यातून गाळले तरी मीठ त्यातून पार जाते आणि उकळले तर वाफ निघून जाऊन मागे पाणी अधिकच खारे होते. वर्गात करायचा प्रयोग साधा आहे. मिठाचे पाणी ताटलीत उन्हात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी उरलेला पांढरा थर पाहायचा. शिक्षकाने स्वतः मिठाचे पाणी उकळून त्यावर थंड झाकण धरायचे आणि झाकणाला जमलेले थेंब खारे नाहीत हे दाखवायचे. अशा पाण्याने ओलीत केले तर काळ्या मातीचे काय होते, हा पुढचा प्रश्न मोठी मुले विचारतात. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही, हे माहीत असलेला शिक्षक मुलांच्या घरच्या शेतीशी खऱ्या अर्थाने बोलू शकतो. माहीत नसलेला शिक्षक ‘पाणी गाळून प्यावे’ हे वाक्य पाठ करून घेतो, आणि खारपाणपट्ट्यातल्या मुलाला त्या वाक्याचा उपयोग किती थोडा आहे ते मुलाला आधीच ठाऊक असते.

भाषेच्या बाबतीत हा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण भाषेतली चूक मुलाच्या घराशी जोडलेली असते. वऱ्हाडातले मूल ‘मले पाणी पाहिजे’ किंवा ‘मी जाऊन राहिलो’ म्हणते, तेव्हा त्याच्या बोलीचे स्वतःचे नियम असतात आणि ते मूल त्या नियमांनी अचूक बोलत असते. त्याला प्रमाण मराठीची दुसरी रीत शिकवायची असते, पहिली पुसून टाकायची नसते. मेळघाटातल्या कोरकू मुलांची गोष्ट याहून पुढची आहे. कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे, तर गडचिरोलीतली माडिया, पूर्व विदर्भात बोलली जाणारी गोंडी आणि यवतमाळ भागातली कोलामी या द्राविड कुळातल्या भाषा आहेत. मराठीचे कूळ या दोहोंपेक्षा वेगळे. कोरकूत नामांची मुख्य विभागणी सजीव आणि निर्जीव अशी आहे, मराठीत मात्र तीन लिंगे आहेत आणि विशेषणापासून क्रियापदापर्यंत त्यांचा अंमल चालतो. दगड पुल्लिंगी, माती स्त्रीलिंगी आणि पाणी नपुंसकलिंगी का, याचे कारण मराठी माणसालाही देता येत नाही. तो ते लहानपणापासून कानाने शिकलेला असतो. कोरकू मूल ‘पाणी आला’ म्हणाले तर ते मंद नसते, त्याला एक संपूर्ण नवी व्यवस्था नव्याने उभी करावी लागत असते. भाषाशास्त्राची तोंडओळख झालेला शिक्षक अशा वेळी ‘मोठा दगड, मोठी माती, मोठे भांडे’ अशी जोडवाक्ये पुष्कळ ऐकवतो आणि वाट पाहतो. ती ओळख नसलेला शिक्षक लाल शाईने खुणा करतो, आणि मूल हळूहळू बोलणेच सोडते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला भाषांच्या कुळांचा इतिहास शिकवणे हे चैनीचे काम नाही, ते याच मुलासाठी आहे.

कला, संगीत, नाट्य आणि शारीरिक शिक्षण यांच्याविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, धानाचा हंगाम आटोपला की पूर्व विदर्भातल्या ज्या भागात झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र रंगतात, तेथल्या मुलाला संवादातून शिकायला सांगावे लागत नाही. छात्राध्यापकाला आवाजाची फेक आणि चेहऱ्याची भाषा शिकवणारा विषय अभ्यासक्रमात असेल, तर त्याचा फायदा प्रत्येक तासाला होतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळू नये. दोन वर्षांत इतके विषय कोंबले तर सगळ्याचे थोडे थोडे येते आणि धड काहीच येत नाही, असे अनुभवी प्राध्यापक म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणून विविधतेबरोबर खोलीचाही आग्रह धरला पाहिजे, म्हणजे प्रत्येक छात्राध्यापकाने निदान एक विषय इतका खोल शिकावा की एखादे विधान खरे कशावरून ठरते याचा अनुभव त्याला येईल. गणितात सिद्धता असते, विज्ञानात प्रयोग असतो, इतिहासात पुरावा असतो आणि भाषेत वापर पाहावा लागतो. हा फरक एका विषयात मुरल्यावर दुसऱ्या विषयांकडे पाहताना उपयोगी पडतो. मोबाइलवर तयार टाचणे आणि व्हिडिओ मिळत असताना हे सारे शिकण्याचे कारण काय, असेही विचारले जाते. त्या व्हिडिओत दशांश शिकवताना एकराचे उदाहरण चुकीचे दिले असेल, तर ते ओळखणारे माणूस वर्गात असले पाहिजे, हे त्याचे कारण आहे.

विदर्भासाठी ही चर्चा नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि तिच्या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नई तालीम म्हणून ओळखल्या गेलेल्या या योजनेत हस्तोद्योग केंद्रस्थानी होता आणि मातृभाषा, गणित, सामाजिक अभ्यास, सामान्य विज्ञान, चित्रकला व संगीत त्याच्याभोवती गुंफायचे होते. पुष्कळांना ही योजना म्हणजे फक्त सूतकताई वाटते. प्रत्यक्षात तिने शिक्षकाकडून फार मोठी अपेक्षा ठेवली होती, कारण टकळीवरच्या सुतातून गणित, कपाशीच्या बोंडातून वनस्पतिशास्त्र आणि कापसाच्या व्यापारातून इतिहास काढायचा तर शिक्षकाला ते सर्व विषय आधी अवगत असले पाहिजेत. आजच्या शाळेतही हे करता येते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी असते, आणि रुईची गाठ १७० किलोची असते. एका गाठीला किती क्विंटल कापूस लागेल, हे गुणोत्तराचे गणित जिनिंगला जाणारी गाडी रोज पाहणाऱ्या मुलाला द्यावे. उत्तर पाच क्विंटलच्या आसपास येते.

धोरणाच्या पातळीवरही वारे याच दिशेने वाहत आहे. अध्यापक महाविद्यालये विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासूनही तुटलेली आहेत, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच नोंदवले होते. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता करण्याचे आणि एकट्या चालणाऱ्या अध्यापक संस्थांना बहुविद्याशाखीय करण्याचे ठरवले आहे. दिशा मला योग्य वाटते, पण काळजीही वाटते. तालुक्याचे लहान अध्यापक विद्यालय बंद पडून चार वर्षांचा अभ्यासक्रम फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी उरला, तर रोज ये-जा करणाऱ्या अनेक मुलींची वाट तेथेच थांबेल.

यावरचा एक उपाय हाताशी आहे. विदर्भातल्या अनेक तालुक्यांत एकाच शिक्षण संस्थेचे कला-विज्ञान महाविद्यालय आणि अध्यापक विद्यालय शेजारी असतात, तरी एकाची प्रयोगशाळा दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली नसते. आठवड्यातून दोन दुपारी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी छात्राध्यापकांसह पाण्याचे नमुने तपासले, भूगोलाच्या प्राध्यापकांनी त्यांना गावनकाशा वाचायला शिकवला आणि मराठी विभागाने बोलींच्या नोंदी करवून घेतल्या, तर नव्या इमारतीची गरज पडणार नाही. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनीही निकालाच्या टक्क्यांबरोबर ग्रंथालय उघडून दाखवायला सांगावे, गणित आणि विज्ञानाचे आशयज्ञान कोण शिकवते ते विचारावे, आणि आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, मुलांना शहरालगतच्या मोठ्या शाळेतच पाठवतात की एखाद्या द्विशिक्षकी शाळेतही पाठवतात, याची चौकशी करावी.